मैदान गावाचं, संघ भाडेकरू

जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना या बंदराच्या शहरानं मायनर लीग बेसबॉलच्या, म्हणजे मेजर लीग या सर्वात वरच्या व्यावसायिक लीगच्या खालच्या पायऱ्यांवरच्या, एका संघाला नवं स्टेडियम बांधून दिलं नाही. २०१५चा हंगाम संपला तसा तो संघ निघून गेला. पुढच्याच वर्षी त्याच जुन्या मैदानावर सव्हाना बनानाज नावाचा पिवळ्याधमक कपड्यांतला संघ उतरला आणि आज त्याच्या तिकिटांसाठी लाखो लोक प्रतीक्षायादीत आहेत. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरात स्टेडियमवर सरकारी पैसा घालायचा विषय निघाला की आता ही गोष्ट हमखास पुढे येते. विरोधक म्हणतात, शहरानं हात आखडता घेतला म्हणूनच खासगी उद्योजकानं एवढं करून दाखवलं, तेव्हा सरकारनं मैदानांच्या भानगडीत पडूच नये. समर्थक म्हणतात, सव्हानाला लॉटरी लागली, दर गावाला बनानाज मिळत नाहीत. संघ हातचा गेला की मैदानावर गवत माजतं. वाद या दोन वाक्यांपुढे सरकतच नाही, आणि दोन्ही वाक्यांत मुख्य गोष्ट सुटते. बनानाजना जे मैदान मिळालं ते शहराचं होतं. शहरानं ते १९२६ साली बांधलं होतं, वादळात पडल्यावर पुन्हा उभारलं होतं, आणि संघ गेल्यावरही पाडलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं आहे. किनाऱ्यावरच्या मध्यम शहरानं आपलं बेसबॉलचं मैदान सार्वजनिक पैशातून जरूर जपावं. पण नफ्याच्या आशेनं नव्हे, आणि संघाच्या धमकीपोटी तर मुळीच नव्हे. मैदान शहराच्या मालकीचं असावं, तिथे कोणी कोणत्या अटींवर खेळायचं हे शहरानं ठरवावं, आणि ज्या व्यावसायिक लीगला आपले खेळाडू तिथे घडवायचे आहेत तिनं आपल्या खास गरजांचा खर्च स्वतः सोसावा.

मायनर लीगची रचना आधी सांगायला हवी, कारण सगळं भांडण तिच्यातून निघतं. आपल्याकडे रणजीचा संघ त्या त्या संघटनेचा असतो. मायनर लीगमध्ये तसं नाही. मैदानावर जे तरुण खेळतात ते वरच्या मेजर लीग क्लबचे नोकर असतात. त्यांचा पगार तो क्लब देतो, त्यांना वरच्या पायरीवर न्यायचं की घरी पाठवायचं हेही तोच ठरवतो. स्थानिक मालकाच्या हाती संघाचं नाव, तिकिटं, खाण्यापिण्याचे स्टॉल आणि जाहिराती असतात. मैदान मात्र बहुतेक ठिकाणी शहराचं किंवा काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं असतं. म्हणजे प्रशिक्षण मेजर लीगचं, गल्ला मालकाचा आणि छप्पर करदात्यांचं. सव्हानातून गेलेला सँड नॅट्स हा संघ न्यूयॉर्क मेट्सचा होता, साउथ अटलांटिक लीगमध्ये खेळणारा. तिथे घडलेला चांगला खेळाडू सव्हानाला राहणार नव्हता. तो न्यूयॉर्कच्या वाटेवरच असायचा. यात वाईट काही नाही, पण हिशेब मांडताना हे विसरून कसं चालेल?

आता त्या मैदानाविषयी. ग्रेसन स्टेडियम डॅफिन पार्क या मोठ्या सार्वजनिक बागेच्या पूर्व टोकाला, ताडांच्या रांगांनी भरलेल्या व्हिक्टरी ड्राइव्हला लागून आहे. आवारात ओकची जुनी झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ, दर्शनी भागाला विटांचं बांधकाम, छपराखाली बसायची जागा बेताची. सगळी मिळून चारेक हजार माणसं मावतात. बाकं खेळाच्या इतकी जवळ आहेत की कॅचरच्या हातमोज्यात चेंडू आदळल्याचा आवाज छातीत जाणवतो. ऑगस्ट १९४०मध्ये चक्रीवादळानं यातला बहुतेक भाग जमीनदोस्त केला. ते पुन्हा उभारायला दीड लाख डॉलर लागणार होते. स्पॅनिश-अमेरिकन युद्धात लढलेले जनरल विल्यम ग्रेसन यांनी त्यासाठी खटपट केली आणि निम्मी रक्कम वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडून, म्हणजे मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारनं काढलेल्या केंद्रीय योजनेतून आली. मग युद्ध सुरू झालं आणि काही बांधकाम अर्धवट राहिलं. त्या मैदानावर नुसतं बेसबॉल होत नव्हतं. गावातल्या सव्हाना हायस्कूल आणि बेनेडिक्टिन या दोन शाळांचा थँक्सगिव्हिंगचा फुटबॉल सामना तिथेच व्हायचा आणि अख्खं गाव लोटायचं. १९४१ साली त्या दीड लाखावर परतावा किती मिळेल हे कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. वादळानं गावाचं मैदान नेलं होतं, ते परत हवं होतं.

सत्तरेक वर्षांनी सँड नॅट्सच्या मालकांचं म्हणणं आलं की हे मैदान आता पुरेसं नाही, नदीकाठी सव्हाना रिव्हर लँडिंगच्या जागेवर नवं हवं. त्यांच्या बाजूनं बोलायचं तर मागणी हवेतली नव्हती. ड्रेसिंग रूम जुन्या, छप्पर जुनं, गर्दी बेताची, आणि त्याच सुमाराला शेजारच्या दक्षिण कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया नवं स्टेडियम बांधायला तयार होती. त्या स्टेडियमवर साडेतीन कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि त्यातला मोठा वाटा कोलंबिया शहरानं उचलला. २०१६मध्ये संघ तिकडे गेला, नावही बदललं. सव्हानाच्या नगर परिषदेत हा विषय चघळला गेला, पण तिनं मान तुकवली नाही. तेव्हा गावात पुष्कळ लोक हळहळले, आणि त्यांची हळहळ खरी होती. कित्येक पिढ्यांच्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथे गेल्या होत्या.

विरोधकांचा सर्वात भक्कम मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. स्टेडियमवर घातलेला सरकारी पैसा स्थानिक अर्थव्यवस्थेतून वसूल होत नाही. १९९७मध्ये रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी देशभरच्या स्टेडियमांचे हिशेब एकत्र तपासले आणि गुंतवणुकीच्या मानानं समाधानकारक परतावा देणारं एकही अलीकडचं स्टेडियम त्यांना सापडलं नाही. त्यानंतरच्या अभ्यासांनीही हेच दाखवलं आहे. कारणही समजायला सोपं आहे. सव्हानातलं कुटुंब शुक्रवारी संध्याकाळी सामन्यावर साठ डॉलर खर्च करतं तेव्हा ते साठ डॉलर आभाळातून पडत नाहीत. ते सिनेमाचे, हॉटेलातल्या जेवणाचे, टायबी बेटाच्या किनाऱ्यावरच्या फेरफटक्याचे असतात. पर्यटकांचंही तेच. समुद्र आणि जुनं शहर बघायला आलेला माणूस सामना बघून गेला म्हणून तो सामन्यासाठी आला असं होत नाही. त्यातून मायनर लीगचा संघ वर्षातले सत्तरेक दिवस घरच्या मैदानावर खेळतो. उरलेले दिवस कुलूप. तेव्हा ‘हजारो रोजगार, कोट्यवधींची उलाढाल’ असले तक्ते घेऊन जे सल्लागार नगर परिषदेपुढे उभे राहतात, त्यांना लोकांनी घरी पाठवलं तर ते योग्यच आहे.

पण इथून विरोधक जी उडी मारतात ती मला पटत नाही. परतावा नाही म्हणून पैसा घालू नये? मग ग्रंथालयाचा परतावा किती? डॅफिन पार्कमधल्या तळ्याचा किती? किनाऱ्यावर चालायला बांधलेल्या लाकडी मार्गाचा किती? गाव पुष्कळ गोष्टी अशा करतं ज्या खर्चाच्याच असतात आणि तरी केल्या नाहीत तर गाव नुसती घरांची रांग उरतं. यावर प्रतिवाद असा की ग्रंथालय फुकट असतं, स्टेडियमला तिकीट असतं आणि तिकिटाचा पैसा खासगी मालकाच्या खिशात जातो. हा प्रतिवाद बिनतोड आहे, आणि माझं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. मैदान ग्रंथालयासारखं जपायचं असेल तर ते ग्रंथालयासारखं खुलंही असलं पाहिजे. शाळांना, कॉलेजांना, गल्लीतल्या संघांना, जत्रांना. ते सत्तर दिवसांचं खासगी दुकान असेल तर दुकानदारानं बाजारभावानं भाडं द्यावं.

समर्थकांची सर्वात चांगली साक्ष म्हणजे फ्लोरिडातलं पेन्साकोला. तिथे खाडीच्या काठावर रिकाम्या पडलेल्या जागेवर २०१२मध्ये ब्लू वाहूज संघाचं स्टेडियम झालं आणि मेलेलं जुनं शहर पुन्हा हललं, हे तिथे गेलेला कोणीही सांगेल. मी ते नाकारत नाही. पण तिथे काय काय केलं गेलं ते नीट पाहिलं पाहिजे. २००६मध्ये लोकांचं थेट मतदान घेतलं गेलं. रोखे काढायचे की नाही हे बंद खोलीत ठरलं नाही. स्टेडियम एका मोठ्या सार्वजनिक उद्यानाचा भाग म्हणून आलं, पाण्याकाठी फिरायची जागा आणि खुलं सभागृह यांच्यासह. आणि संघाचा मालक त्याच गावचा रहिवासी. म्हणजे पेन्साकोलाचं यश हे संघाला नवं स्टेडियम दिल्याचं यश नाही. गावानं स्वतःला पाण्याचा काठ परत दिला, त्याचं आहे. उलट उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये नोव्हेंबर २०१२मध्ये नदीकाठच्या स्टेडियमसाठी ३ कोटी ७० लाख डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव लोकांपुढे आला आणि तो मोठ्या फरकानं पडला. तेही शहर समुद्राजवळचं, पर्यटनाचं, तितक्याच हौसेचं. तिथला शार्क्स हा कॉलेज खेळाडूंचा उन्हाळी संघ शहराच्या जुन्या लीजन स्टेडियमच्या आवारातच खेळत राहिला. कोणी सांगावं की विल्मिंग्टनचे लोक बेसबॉलचे शत्रू होते म्हणून? त्यांना विचारलं गेलं, त्यांनी उत्तर दिलं. सव्हानानंही सरसकट नकारघंटा वाजवली नाही. त्याच शहरात विक्रीकराच्या स्थानिक उपकरातून बांधलेलं बंदिस्त क्रीडागृह २०२२च्या सुरुवातीला उघडलं, कारण त्या उपकराला मतदारांनी आधी मंजुरी दिली होती.

खरी गोम मात्र याच्याही वर आहे, आणि तिच्याविषयी या वादात फारच कमी बोललं जातं. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. न्यायमूर्ती होम्स यांचा तो निकाल १९५३मध्ये आणि पुन्हा १९७२मध्ये, कर्ट फ्लड या खेळाडूच्या खटल्यात, कायम राहिला. १९९८च्या कायद्यानं मेजर लीगच्या खेळाडूंपुरती ती सवलत काढली, मायनर लीग तशीच सोडली. परिणाम काय? संघ किती असावेत आणि कुठे असावेत हे एका हाती राहिलं. संघ कमी, गावं जास्त, म्हणून गावं एकमेकांवर चढाओढीनं बोली लावतात. २०२० संपता संपता मायनर लीगचा जुना करार संपला तेव्हा मेजर लीगनं सगळा कारभार आपल्याकडे घेतला आणि संलग्न संघ १६०वरून १२०वर आणले. त्याच वेळी स्टेडियमांसाठी नवे निकष आले: दिवे इतके, ड्रेसिंग रूम इतक्या मोठ्या, सरावाच्या जाळ्या अशा, महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळी जागा. पाळा, नाही तर संघाचा परवाना जाईल.

या निकषांतले बरेचसे न्याय्य आहेत, हे ठासून सांगायला हवं. मायनर लीगचे खेळाडू वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारावर, चार-पाच जण एका खोलीत राहून खेळले. २०२२मध्ये ते संघटित झाले आणि २०२३मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. २०२२मध्येच रेचल बाल्कोवेक टँपाच्या संघाची मॅनेजर झाली. बाईनं कपडे कुठे बदलावेत याची सोय १९२६च्या किंवा १९१४च्या मैदानात कोणी केली असणार? ती व्हायलाच हवी. पण ती कोणाच्या पैशानं? वर्षाला हजार कोटी डॉलरहून अधिक मिळवणाऱ्या उद्योगाच्या भावी नोकरांसाठी, त्याच उद्योगानं ठरवलेल्या मापाच्या खोल्या, सत्तर-ऐंशी हजार वस्तीच्या गावानं का बांधाव्यात? दुसरा कुठला उद्योग आपल्या शिकाऊ कामगारांच्या शाळेचं बिल नगरपालिकेला पाठवतो?

फ्लोरिडातल्या डेटोना बीचचं उदाहरण मला सर्वात जास्त सलतं. तिथलं मैदान १९१४चं, हॅलिफॅक्स नदीतल्या सिटी आयलंड या बेटावरचं. १९४६च्या वसंतात ब्रुकलिन डॉजर्स या मेजर लीग क्लबनं जॅकी रॉबिन्सनला, पुढच्याच वर्षी मेजर लीगमधली काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडणाऱ्या काळ्या खेळाडूला, आपल्या माँट्रिअलच्या शाखा-संघात घेऊन फ्लोरिडात सरावाला आणलं. सॅनफर्ड गावातून रॉबिन्सनला जिवाच्या भीतीनं काढता पाय घ्यावा लागला. जॅक्सनव्हिलमध्ये शहराच्या अधिकाऱ्यांनी सामना रद्द करून मैदानाला कुलूप लावलं. डीलँडमध्ये दिवे बिघडल्याचं कारण दिलं, आणि सामना तर दिवसाचा होता. डेटोनानं मात्र मैदान उघडं ठेवलं. १७ मार्च १९४६ रोजी रॉबिन्सन तिथे डॉजर्सविरुद्ध खेळला. हे आपोआप घडलं नाही. मेरी मॅक्लाउड बेथ्यून या काळ्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी उभ्या केलेल्या कॉलेजमुळे त्या गावातल्या काळ्या समाजाला वजन होतं, त्यांच्या मतांची नगरपालिकेत दखल घेतली जात होती. आज ते मैदान रॉबिन्सनच्या नावानं ओळखलं जातं. मेजर लीगनं १९९७मध्ये त्याचा ४२ हा आकडा सगळ्या संघांतून निवृत्त केला, दर १५ एप्रिलला सारे खेळाडू तो आकडा पाठीवर घालतात. आणि त्या मैदानाला नव्या निकषांत बसवण्याचा कोट्यवधी डॉलरचा भार डेटोना शहरावर येतो. ज्या खेळाला आपल्या इतिहासातल्या सर्वात अभिमानाच्या दिवसाची जागा एका छोट्या गावानं दिली, त्या खेळानं त्या गावाला परवान्याची भीती घालावी, हे मला अन्यायाचं वाटतं.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावा लागतो. शहराची मालकी म्हणजे न्याय असं थोडंच आहे? जॅक्सनव्हिलचं कुलूपही शहरानंच लावलं होतं. ग्रेसन स्टेडियम तर नावालाच सार्वजनिक होतं. काळ्या प्रेक्षकांना वेगळ्या बाकांवर बसावं लागे. १९५३मध्ये साउथ अटलांटिक लीगमध्ये काळे खेळाडू आले, जॅक्सनव्हिलकडून, पुढे मेजर लीग गाजवलेला तरुण हँक आरन त्याच वर्षी या लीगमध्ये खेळला, पण बाकं वेगळीच राहिली. १९६२मध्ये सव्हानाच्या काळ्या नागरिकांनी या बसण्याच्या व्यवस्थेविरुद्ध सामन्यांवर बहिष्कार टाकला आणि त्या उन्हाळ्यात संघ हंगाम अर्धा टाकून व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला गेला. संघाला गाव सोडणं परवडलं. नागरिकांना ते शक्यच नव्हतं. म्हणूनच मी म्हणतो की मालकी शहराची हवी. शहर चुकलं तर त्याला मतपेटीत, न्यायालयात, रस्त्यावर धरता येतं. दुसऱ्या राज्यातल्या मालकाला सव्हानाच्या नागरिकानं कुठे गाठायचं?

‘पण ते निघून जातील’ ही भीती सगळ्या करारांवर सही करून घेते. तिचा इतिहास जुना आहे. १९५७च्या हंगामानंतर ब्रुकलिन डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली संघ घेऊन लॉस एंजेलिसला गेले, कारण न्यूयॉर्कनं त्यांना हवी ती जागा हव्या त्या रीतीनं मिळवून दिली नाही. ब्रुकलिनचं दुःख आजही सांगितलं जातं. लॉस एंजेलिसनं काय दिलं ते कमी सांगितलं जातं: शावेझ रवीनची जमीन, जिथून मेक्सिकन वंशाची कुटुंबं आधी सार्वजनिक घरांच्या आश्वासनावर हटवली गेली होती आणि उरलेल्यांना १९५९मध्ये पोलिसांनी घरांतून उचलून बाहेर काढलं. संघ जिंकणारं शहर नेहमी फायद्यातच असतं का? अलीकडचं बघा. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटचा संघ पन्नास वर्षांच्या वास्तव्यानंतर मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला गेला. तिथलं स्टेडियम २०२१मध्ये उघडलं तेव्हा खर्च सुरुवातीचा अंदाज मागे टाकून १५ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. पॉटकेटचं जे मॅकॉय स्टेडियम त्यांनी सोडलं तिथे १९८१मध्ये ३३ डावांचा, व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वात लांबलेला सामना झाला होता, रॉचेस्टरविरुद्ध. आणि हे रॉचेस्टर कोणाचं? १९५७पासून गावातल्या भागधारकांचं. टोलिडोचा संघ काउंटीच्या ना-नफा संस्थेचा, कोलंबस क्लिपर्स काउंटीचाच. हे संघ धमकी देत नाहीत, कारण धमकी द्यायची कोणाला? गावानं संघच विकत घ्यावा असा माझा आग्रह नाही. सगळ्यांना ते जमणार नाही. पण ‘मालकाच्या अटी मान्य करा नाही तर बेसबॉल विसरा’ एवढाच पर्याय असल्याचं जे भासवलं जातं, ते खोटं आहे.

किनाऱ्यावरच्या शहराला तर आणखी एक कारण आहे. समुद्र. १९४०च्या वादळानंतर ग्रेसन कोणी उभारलं ते वर आलंच. २०१२मध्ये सँडी वादळाचं पाणी ब्रुकलिनच्या कोनी आयलंडवरच्या स्टेडियममध्ये शिरलं आणि खेळपट्टीसकट बरंच काही बदलावं लागलं. तेही सार्वजनिक स्टेडियम. पाणी वर चढतं आहे, वादळं येणारच आहेत, आणि भाडेकरू कोणताही असो, शेवटी भिंत गावच पुन्हा बांधतं. मग पाण्याच्या अगदी काठाला, चकचकीत नवं बांधकाम कोणाच्या हौसेखातर करायचं? डॅफिन पार्कसारख्या आतल्या, झाडांच्या जागेवरचं जुनं मैदान दुरुस्त करत राहणं हे गरिबीचं लक्षण नाही. ते शहाणपणाचं आहे.

आता बनानाज लॉटरी होते का, याकडे. हो, बऱ्याच अंशी होते. जेसी आणि एमिली कोल या जोडप्यानं २०१६मध्ये कॉलेज खेळाडूंचा संघ म्हणून सुरुवात केली तेव्हा तिकिटं खपत नव्हती. घर विकलं, हवेच्या गादीवर झोपलो, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्यासारखी चिकाटी आणि नाटकाची जाण कुठल्याही निविदेत मागवता येत नाही. पण त्यांना हा खेळ करून बघता आला तो कशामुळे? मैदान तयार होतं, भाडं परवडणारं होतं, त्यावर कोणा बँकेचं तीस वर्षांचं कर्ज नव्हतं आणि मेजर लीगचे निकष त्यांच्यावर बसलेले नव्हते. नव्या स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या शहरानं अनोळखी जोडप्याला, केळ्याच्या नावाचा संघ घेऊन, जागा दिली असती का? पुढे त्यांनी स्वतःचे नियमच केले: सामना दोन तासांत संपवायचा, बंट मारायचा नाही, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता हळूच अडवायचा नाही, फाउल गेलेला चेंडू प्रेक्षकानं झेलला तर फलंदाज बाद. तो शेवटचा नियम प्रेक्षकाला खेळात ओढून घेतो, आणि ज्या मैदानात प्रेक्षक खेळाच्या कुशीत बसतो तिथे त्याची मजा काही और. २०२२नंतर ते कॉलेज खेळाडूंची उन्हाळी लीग सोडून पूर्णपणे स्वतःच्या दौऱ्यांवर गेले, आणि एप्रिल २०२५मध्ये क्लेम्सनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये ८१ हजार लोकांपुढे खेळले.

समर्थकांनी दाखवलेली भीती, ओसाड मैदानाची, मीही पाहतो. अटलांटिक सिटीत १९९८मध्ये बांधलेलं सँडकॅसल स्टेडियम सर्फ हा संघ २००८नंतर बंद पडल्यावर वर्षानुवर्षं कामाविना पडून राहिलं. पण ते शहराच्या प्रवेशरस्त्यालगत, बेडर फील्डच्या जुन्या विमानतळाशेजारी, एका भाडेकरूच्या भरवशावर बांधलं होतं. तो गेला, कारण संपलं. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टनं बंदराजवळच्या आपल्या स्टेडियमचं, संघ २०१७मध्ये गेल्यावर, मैफलींचं खुलं रंगमंदिर करून टाकलं. ते २०२१मध्ये सुरू झालं. जागा गावाची होती म्हणून गावाला दुसरा विचार करता आला. डॅफिन पार्कमध्ये तर सामना असो नसो, लोक येतातच.

तेव्हा आता सव्हानानं निवांत बसू नये. बनानाज आज गावाचे लाडके आहेत, पण तेही खासगी कंपनी आहेत, त्यांचा पसारा चार हजारांच्या मैदानात मावेनासा झाला आहे, आणि उद्या नव्या स्टेडियमची मागणी त्यांच्याकडूनही येऊ शकते. तेव्हा लाडकेपणावर निर्णय होता कामा नये. पुढच्या भाडेकरारात शहरानं लिहून घ्यावं: वर्षातले ठरावीक दिवस शाळा आणि स्थानिक संघांसाठी राखीव, प्रत्येक सामन्याची काही तिकिटं सव्हाना ज्यात येतं त्या चॅटम काउंटीच्या रहिवाशांना ठरलेल्या दरात, प्रतीक्षायादीशिवाय, तिकीट, खाणं, जाहिरात यांचे हिशेब नगर परिषदेला दरवर्षी खुले, वादळात नुकसान झालं तर दुरुस्तीत भाडेकरूचा वाटा किती, ते आधीच ठरलेलं, करार मुदतीआधी मोडून गेलात तर भरपाई, आणि भाडेकरूच्या खास गरजेसाठी केलेलं कुठलंही बांधकाम त्याच्या खर्चानं, मालकी मात्र शहराची. डेटोनानं मेजर लीगच्या परवान्यापुढे सही करताना यातलं शेवटचं कलम मागावं. एकट्या गावाला ते मिळणार नाही, म्हणून फ्लोरिडा आणि जॉर्जियातल्या मायनर लीगच्या सगळ्या गावांनी मिळून मागावं, आणि आपल्या खासदारांना १९२२ची ती सवलत आणखी किती वर्षं ठेवणार, हे नाव घेऊन विचारावं.